कागदात न मावलेले डॉ. सुब्बाराव

बँकेतली माझी सारी नोकरी लोकांची कागदपत्रे तपासण्यात गेली. कागद अपुरा असला की अर्ज परत, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र वाचताना मी थोडा खजील झालो. आपण हैदराबादची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू शेजारात राहतो. पण या तेलुगू शास्त्रज्ञाचे नाव आपल्या घरांत क्वचितच निघते.

१२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या रोगाने काही दिवसांच्या अंतराने गेले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांनी खादी धरली. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी उतरली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी हाती आली.

सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातील रोगांची पदविका मिळवली. पण मद्रासच्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येईना. शिकलेला डॉक्टर पोटासाठी रात्रपाळीला इस्पितळात रुग्णांची मलमूत्राची भांडी साफ करू लागला.

प्रयोगशाळेने मात्र कागदापेक्षा काम पाहिले. सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी १९२५ साली शरीरातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली, पुढे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा शोध लावला. तरीही हार्वर्डमध्ये कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले. ते स्प्रूवर उपयोगी ठरले. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता. हत्तीरोगावरचे हेट्राझान, ऑरिओमायसिन, कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट हीसुद्धा त्यांच्याच विभागाची देणगी.

१९४६ पर्यंत भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने मिळतच नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये, अवघ्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव तिथेच वारले.

आज आपली मुले परदेशात गेली की डॉक्टरांना पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, पारख हवीच. पण पारख माणसाच्या कामाची व्हावी, नुसत्या शिक्क्याची नव्हे. कागद तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे निवृत्तीनंतर उमगले, एवढेच.