तेजोमीटरचे कर्ते जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात ते वनस्पतींच्या संवेदनांचे संशोधक म्हणून. प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थातील विजेचा प्रवाह बदलणारे त्यांचे उपकरण मात्र वर्गात क्वचितच पोहोचते.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. अशा घरांतील मुले इंग्रजी शाळेत जात. त्यांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूस कोळ्याचा मुलगा व दुसऱ्या बाजूस मुसलमान चपराशाचा मुलगा बसे. ती मुले घरी आली की आई त्यांनाही भेदभाव न करता खाऊ घालीत असे. उजनीच्या काठी मासेमारीवर जगणाऱ्या घरांतील मुलांना हे आम्ही मुद्दाम सांगतो.

केंब्रिजचे शिक्षण पूर्ण करून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात हंगामी प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकास युरोपीयाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे. काम तेच, वेतन एक-तृतीयांश! बोस यांनी ते नाकारले आणि अध्यापन चालूच ठेवले. असे तीन वर्षे चालले, तेही घरावर वडिलांचे कर्ज असताना. अखेर सरकारने पूर्ण वेतन थकबाकीसह दिले. ती रक्कम कर्जफेडीस गेली.

अतिशय आखूड विद्युत्‌लहरींवरील प्रयोगांनंतर ते गॅलेनाकडे वळले. गॅलेना म्हणजे शिसे व गंधक यांचे खनिज. त्याच्या स्फटिकावर धातूची टोके टेकवून त्यांनी प्रवाह सोडला. प्रकाश पडताच प्रवाह बदले. आज आपण त्याचे कारण असे सांगतो, की प्रकाशाची ऊर्जा मिळून स्फटिकात बांधलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. बोस यांनी या उपकरणास तेजोमीटर म्हटले. दृश्य प्रकाशाप्रमाणेच अदृश्य लहरीही त्यास जाणवत. संशोधनातून पैसा मिळवणे त्यांना नापसंत होते. स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०१ साली अर्ज झाला व १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. त्यांनी ते तसेच लोपू दिले. त्यागाचे कौतुक करतानाही आम्हास याची हळहळ वाटते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात शिशाच्या सल्फाइडच्याच पातळ थरांपासून अवरक्त किरण ओळखणारी साधने बनली. आता अभ्यास चालतो तो मॉलिब्डेनम सल्फाइडसारख्या पदार्थांचा. त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटे होतात, आणि एक थर जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा असतो. असे निरनिराळे थर एकमेकांवर रचून त्यांवर प्रकाश टाकला, की त्यांतील विद्युत्‌भार कमीजास्त करता येतो. काही रचनांत तर दिवा मालवल्यावरही तो बदल टिकतो.

बोस यांनी १९१७ साली कलकत्त्यात संशोधन संस्था स्थापन केली. १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांची उपकरणे आजही त्या संस्थेत जपून ठेवलेली आहेत.