डोक्यावर टांगलेले स्पीकर आणि जॉन रोबलिंग

कॉन्सर्टला गेलात की स्टेजच्या बाजूला जरा वर बघा. तिथे टांगलेल्या स्पीकरच्या माळेचं वजन शेकडो किलो असतं, आणि तिच्या आसपास माणसं वावरत असतात. ट्रसला बांधायला, शिवाय जादा सेफ्टी म्हणून, तिथे बऱ्याचदा वायर रोप वापरतात. अमेरिकेत हा दोर बनवायला सुरुवात केली जॉन रोबलिंगने.

रोबलिंग 1806 साली जर्मनीत जन्मला, इंजिनिअरिंग शिकला आणि 1831 मध्ये अमेरिकेला गेला. आधी शेती केली, ती काही जमली नाही. पेनसिल्व्हेनियात तेव्हा कालव्यातल्या बोटी चक्क रुळांवरून डोंगर चढवायचे, वाखाच्या जाड दोरांनी ओढून. ते दोर झिजून तुटायचे. 1841 मध्ये रोबलिंगने लोखंडी तारा पिळून दोर केला. यात एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार घेतात.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचं डिझाइनही त्याचंच. केबल गरजेच्या सहापट मजबूत ठेवायची, असा त्याचा हिशोब. 1869 मध्ये पुलाची जागा पाहताना बोटीच्या धक्क्याने पाय चिरडला आणि धनुर्वाताने तो गेला. काम मुलगा वॉशिंग्टनकडे आलं.

1878 मध्ये कळलं, ठेकेदाराने खराब तार खपवली होती. केबलमध्ये गेलेली तार आता काढणार कशी? हिशोब केला तर केबल तरीही पाचपट मजबूत निघाली. प्रत्येक केबलमध्ये 150 तारा वाढवल्या आणि 1883 ला पूल सुरू झाला. (आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरला दुप्पट कपॅसिटी दिली की खूश!)

स्पीकर टांगायच्या शॅकलवर छापलेला वजनाचा आकडाही असाच, ती तुटेल त्या वजनाच्या कितीतरी खाली धरलेला असतो.