सगळ्यांना नाचवणारा

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत लेनॉक्स अव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. तिथे १४० आणि १४१ क्रमांकांच्या गल्ल्यांच्या मधे आज राहत्या इमारती उभ्या आहेत. १९२६ ते १९५८ अशी बत्तीस वर्षं त्या जागी ‘सॅव्हॉय बॉलरूम’ नावाचं नृत्यगृह होतं. ‘स्विंग’ नावाचं संगीत आणि ‘लिंडी हॉप’ नावाचा नाच यांचं ते माहेरघर. आणि त्या घरातला कर्ता पुरुष होता जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला एक ड्रमवादक. त्याचं नाव चिक वेब. चार-चार हजार माणसांना त्यानं रात्र रात्र नाचवलं; त्याचं स्वतःचं शरीर मात्र नाचण्यासारखं नव्हतं.

माझी नोकरी बँकेत गेली. तालुक्याच्या गावी बदली असताना जत्रेतले तमाशाचे फड पाहिले, शहरात आल्यावर गाण्याच्या बैठका ऐकल्या, आणि विसर्जनाच्या मिरवणुका तर दर वर्षी घरासमोरूनच जातात. या सगळ्यात माझं लक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापेक्षा समोरच्या गर्दीकडे अधिक जातं. काउंटरच्या आत बसून बाहेरची रांग न्याहाळण्याची सवय, दुसरं काय! वाजवणारा आणि गर्दी यांच्यात एक न लिहिलेला करार असतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे. तो पाळला गेला की मैफल रंगते, मोडला की नुसता गोंधळ उरतो. हा करार ज्याच्या आयुष्यात लख्ख दिसतो असा चिक वेबसारखा दुसरा माणूस मला सापडलेला नाही.

विल्यम हेन्री वेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १० फेब्रुवारीला, बाल्टिमोर शहरातल्या एका गरीब कृष्णवर्णीय घरात तो जन्मला. लहानपणीच मणक्याला क्षयानं ग्रासलं. त्यात जिन्यावरून पडण्याचं निमित्त झालं. वाढ खुंटली, पाठ वाकली ती कायमची. आखडलेले सांधे मोकळे व्हावेत म्हणून डॉक्टरांनी या मुलाला ढोल बडवायला सांगितलं. औषध म्हणून हातात आलेल्या काठ्या मग सुटल्याच नाहीत. रस्त्यावर वर्तमानपत्रं विकून, पै पै साठवून त्यानं पहिला ड्रमसंच घेतला. विशीच्या आसपास जॉन ट्रूहार्ट या गिटारवादक मित्राबरोबर तो न्यूयॉर्कला आला, आणि १९२६ साली ड्यूक एलिंग्टनच्या मदतीनं त्यानं स्वतःचा लहानसा वाद्यवृंद उभा केला. एलिंग्टनचा तेव्हा स्वतःचाच जम बसायचा होता. तरी त्यानं या बुटक्या पोराची पत ओळखली.

त्याच वर्षी, १२ मार्चला, सॅव्हॉय सुरू झालं होतं. मो गेल हे गोरे मालक आणि चार्ल्स ब्युकॅनन हे कृष्णवर्णीय व्यवस्थापक. संगमरवरी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेलं की दोन गल्ल्यांच्या मधलं सगळं अंतर व्यापणारी लांबलचक जमीन दिसे. ही जमीन मेपलच्या लाकडाची, पायाखाली किंचित लवणारी. नाचणाऱ्यांच्या टाचांनी ती इतकी झिजे की दर तीनेक वर्षांनी बदलावी लागे. एका बाजूला दोन व्यासपीठं होती. एक वृंद थांबला की दुसरा लगेच सुरू होई. म्हणजे संगीत तुटायचं नाही, आणि वृंदांना एकमेकांसमोर उभं राहून आपलं नाणं खरं आहे हे रोज सिद्ध करावं लागायचं. प्रवेशाचे दर संध्याकाळी सहापर्यंत तीस सेंट, मग साठ, आणि आठनंतर पंच्याऐंशी. पैसे कमी असलेल्यानं लवकर यावं, एवढी सोय त्यात होती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या दारावर माणसाचा रंग पाहिला जात नसे. याच रस्त्यावर थोडं पुढे प्रसिद्ध कॉटन क्लब होता. तिथे नाचणारे-गाणारे काळे आणि टेबलांशी बसलेले गोरे, अशी रीत. दक्षिणेकडच्या कित्येक नृत्यगृहांत तर गोरे आणि काळे यांच्या मधे दोरी बांधलेली असे. सॅव्हॉयमध्ये दोघं एकाच फरशीवर नाचत. तिथे माणसाची किंमत ठरे ती त्याच्या पावलांवरून.

हा नाचही तिथेच वाढला. लिंडबर्गनं १९२७ साली अटलांटिक समुद्र विमानानं एका उड्डाणात पार केला, त्याच्या नावावरून या नाचाला ‘लिंडी हॉप’ म्हणू लागले. युरोपी नाचात जोडी शेवटपर्यंत एकमेकांना धरून असते. इथे जोडी झोका घेतल्यासारखी उघडते, हाताला हात तेवढा राहतो, त्या क्षणात दोघंही आपापली करामत दाखवतात आणि पुन्हा जवळ येतात. आपल्या फुगडीत तोल जसा दोघींनी मिळून सांभाळायचा असतो, तसाच इथेही. एकानं अंग सैल सोडलं की दुसरा पडणार.

आणि या नाचाबरोबर शिस्तही आली. सॅव्हॉयमधल्या प्रत्येक रात्रीचा स्वभाव वेगळा होता. गुरुवारी घरकाम करणाऱ्या बायकांना सुट्टी असे, म्हणून ती त्यांची रात्र. आठवडाभर दुसऱ्यांच्या फरशा पुसणाऱ्या पायांची. मंगळवारी मुरलेले नाचणारे येत, कारण गर्दी कमी आणि जागा मोकळी. शनिवारी बाहेरची हौशी मंडळी इतकी लोटत की जाणकार अंग चोरून उभे राहत. वृंदाच्या जवळचा एक कोपरा सर्वोत्तम नाचणाऱ्यांसाठी राखलेला होता. तशी पाटी कुठेच नव्हती, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं. नवशिक्यानं तिथे पाय ठेवला तर भोवतालच्या चपळ लाथा त्याच्या नडग्यांना नेमक्या सापडत! एखादी जोडी रंगात आली की बाकीचे आपणहून मागे सरत, रिंगण करत. वारीतल्या रिंगणात अश्वाला जागा देतात ना, तशी. त्या रिंगणात एकामागून एक जोड्या उतरत आणि सगळ्यात उत्तम जोडी सगळ्यात शेवटी येई. तिच्यानंतर उतरायचं नाही, हा संकेत. दारावरचे धिप्पाड रखवालदार सुटाबुटात असत. पण खरा बंदोबस्त ठेवत ते नाचणारेच.

चिक वेबचा वृंद तिथे १९२७ मध्ये पहिल्यांदा वाजला, आणि १९३१ पासून तो सॅव्हॉयचा घरचा वृंद झाला. मधल्या उंच चौथऱ्यावर तो बसे. त्याच्या मापानं बनवलेले पायटे, हाताशी येतील अशा वाकवलेल्या दांड्यांवरच्या झांजा, आणि समोर अठ्ठावीस इंची प्रचंड ढोल. त्या ढोलामागे तो जवळजवळ दिसेनासा होई. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सगळ्या रचना पाठ. कर्ण्यांनी कुठे उठायचं, सॅक्सोफोननी कुठे दबायचं, याच्या सगळ्या खुणा तो ड्रमवरूनच करी. त्याची नजर मात्र फरशीवर असे. पावलं जड झाली की ठेका हलका करायचा, रिंगण तापलं की एक ठोका असा द्यायचा की हवेत गेलेला पाय नेमका त्यावर खाली यावा.

१९३५ च्या सुमाराची एक हकीकत फ्रँकी मॅनिंग या नर्तकानं पुढे सांगून ठेवली आहे. मॅनिंग तेव्हा पोरसवदा, आणि स्पर्धेत समोर ज्येष्ठ नर्तक शॉर्टी स्नोडेन. मॅनिंगनं वेबकडे एका विशिष्ट रचनेची फर्माईश केली, ती त्यानं वाजवली, आणि ऐन क्षणी मॅनिंगनं आपल्या जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून पुढे उतरवलं. ती जमिनीवर आली ती ठोक्यावर. लिंडी हॉपमधल्या हवेतल्या उड्यांची सुरुवात इथून झाली, असं मानतात. नर्तकानं उडी मारायची आणि वादकानं ती झेलायची. करार म्हणतो तो हा.

याच काळात एला फिट्झेराल्ड त्याच्याकडे आली. नोव्हेंबर १९३४ मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या रात्री ही सतरा वर्षांची मुलगी खरं तर नाचायला गेली होती. तिच्या आधी नाचून गेलेल्या दोन बहिणींचा नाच पाहून तिचा धीर सुटला. अपोलोतले प्रेक्षक नवख्याला हुर्यो करून घालवण्याबद्दल प्रसिद्ध. नाच रद्द करून तिनं ऐन वेळी गाणं म्हटलं आणि बक्षीस मिळवलं. मळक्या कपड्यांतली, राहायला धड ठिकाण नसलेली ती पोर वेबच्या प्रथम मनात भरली नाही. येल विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यानं तिला अजमावायला उभं केलं. पोरांनी ती उचलून धरली, आणि वेबनं गर्दीचा कौल मान्य केला. १९३८ मध्ये एका बडबडगीतावरून तिनं रचलेल्या ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ या गाण्यानं वृंदाला देशभर नेलं.

पैशाचा हिशेब मात्र नेहमी असा सरळ जुळला नाही. वेबच्या वृंदातल्या एडगर सॅम्पसननं ‘स्टॉम्पिंग अ‍ॅट द सॅव्हॉय’ ही धून बांधली आणि वेबनं ती १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केली. ती गाजली मात्र दोन वर्षांनी, बेनी गुडमन या गोऱ्या वादकाच्या वृंदामुळे, आणि रचनाकारांच्या यादीत गुडमनचंही नाव लागलं. ठेव एकाची आणि व्याज दुसऱ्याच्या खात्यावर, असा हा व्यवहार. ड्रमवादक वेबनं त्याचं उत्तर ड्रमवरच दिलं. ११ मे १९३७ रोजी गुडमन आपला वृंद घेऊन सॅव्हॉयमध्ये सामन्याला आला. आत चार हजार माणसं, आणि बाहेर रस्त्यावर जागा न मिळालेली आणखी हजारो. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा तेव्हा देशातला लाडका तारा. वेबनं गुडमनच्याच गाजलेल्या चिजा त्याच्याहून सरस वाजवल्या. शेवटी क्रूपानं भर गर्दीसमोर त्या चार फुटी माणसाला वाकून अभिवादन केलं. हरणाऱ्याला हरता आलं, आणि घरच्या गर्दीनं पाहुण्याची अब्रू राखली, हे मला त्या विजयापेक्षाही मोलाचं वाटतं.

पुढच्या वर्षी, १६ जानेवारी १९३८ ला, एकाच रात्री न्यूयॉर्कमध्ये दोन घटना घडल्या. गुडमनचा वृंद कार्नेगी हॉलमध्ये वाजला. अभिजात संगीताच्या त्या मंदिरात लोक खुर्च्यांवर बसून स्विंग ऐकत होते. तो कार्यक्रम आटोपून अनेक जण हार्लेमला धावले, कारण सॅव्हॉयमध्ये वेब आणि काउंट बेसी यांचा सामना होता. एकीकडे एला, दुसरीकडे बिली हॉलिडे. कोण जिंकलं याबद्दल संगीताच्या नियतकालिकांत एकमत झालं नाही. मला त्या रात्री वेगळंच काही घडलेलं दिसतं. कार्नेगीत या संगीताला प्रतिष्ठा मिळाली आणि त्याच क्षणी त्याचे पाय खुर्चीखाली गेले. हळूहळू जॅझ हे बसून ऐकायचं संगीत झालं. आपल्या बैठकीत रसिक बसल्या जागी मान डोलावतो, समेवर दाद देतो. तो शिष्टाचार त्या संगीताच्या पोटातून आला आहे. वेबचं संगीत मात्र पावलांनी पुरं व्हायचं.

कीर्ती वाढत गेली तसं शरीर खचत गेलं. मणक्याच्या क्षयाची वेदना कायमचीच सोबतीला होती. मंदीचे दिवस, वृंदातल्या माणसांची पोटं आपल्यावर अवलंबून, म्हणून तो दुखणं लपवून दौरे करी. वाजवून झाल्यावर तो कोसळत असे, असं त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवलं आहे. समोरच्या गर्दीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला ठेका तेवढा ऐकू येत होता, आणि तो चुकत नव्हता. कराराची ही दुसरी बाजू. गर्दी जागा देते, दाद देते, पण वाजवणाऱ्याच्या पाठीचं काय, हे विचारण्याची रीत कुठल्याच गर्दीत नसते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर १६ जून १९३९ रोजी चिक वेब गेला. पस्तिशीही उलटली नव्हती. वृंद एलाच्या नावानं १९४२ पर्यंत चालला.

सॅव्हॉयवरही संकट आलंच. १९४३ मध्ये अनैतिक व्यवहारांचा ठपका ठेवून प्रशासनानं ते सहा महिने बंद ठेवलं. काळे-गोरे एकत्र नाचतात हेच खरं दुखणं आहे, असं हार्लेममध्ये तेव्हा उघड बोललं जाई. १९५८ मध्ये ते कायमचं मिटलं आणि घरबांधणीसाठी पाडलं गेलं. २००२ साली तिथे स्मृतिफलक लागला, तेव्हा फ्रँकी मॅनिंग हजर होता. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. सॅव्हॉयच्या उद्‌घाटनाच्या काळात तिथे वाजवणाऱ्या एका वृंदाचा प्रमुख लिऑन ॲबी हा १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला वृंद घेऊन आला. अशा वादकांना ऐकत मुंबईतले गोव्याचे वादक जॅझ शिकले. त्यांच्यातलाच हळदोण्याचा चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या वृंदात आला. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या पावलांखाली जो ठेका आहे, त्यात लेनॉक्स अव्हेन्यूचं थोडं तरी लाकूड आहे. आणि भगवानदादांचा तो नाच तर आपल्या वराती-मिरवणुकांत कधीचाच मुरून गेला.

हल्ली मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती असतात. समोर तरुण पोरं बेभान नाचतात. त्यांच्या उत्साहाशी माझं भांडण नाही. पण त्या भिंतीला डोळे नसतात. समोर कोण दमलं, कोण पडलं, कुणाला जागा हवी आहे, हे तिला कळत नाही, म्हणून ठेका कधी हलका होत नाही. आणि ठेका ऐकत नाही म्हटल्यावर गर्दीही एकमेकांचं ऐकेनाशी होते. ढोल-ताशा वाजवणारा माणूस समोर असला की तेच लोक आपोआप मागे सरून त्याला जागा देतात. हे मी दर वर्षी खिडकीतून पाहतो.

म्हणून चिक वेबची आठवण ठेवायची. ढोलामागे न दिसणारा तो माणूस गर्दीकडे सतत बघत होता, आणि आपल्याकडे कुणीतरी बघतं आहे हे जाणून ती चार हजारांची गर्दी एकमेकांचे पाय सांभाळत नाचत होती.