घोडी, १२ कॅमेरे आणि मायब्रिज
दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का? नुसत्या डोळ्यांना कळत नाही. इंग्लंडमध्ये १८३० साली जन्मलेल्या, कॅलिफोर्नियात नाव कमावलेल्या एडवर्ड मायब्रिजने ते फोटोंतून दाखवलं. (मधे खुनाच्या खटल्यातून सुटला, तो किस्सा वेगळाच!) १८७८ मध्ये पालो अल्टोला त्याने ओळीने १२ कॅमेरे मांडले. घोडी धावली, आडवे धागे तुटत गेले, फोटो निघत गेले. पाय हवेत होते, पण पोटाखाली गोळा झालेले! आज एआय मॉडेललाही व्हिडिओतली हालचाल अशीच, एक फ्रेम दुसरीशी ताडून शिकवतात. खर्च उचलणाऱ्या लेलंड स्टॅनफर्डने १८८२ मध्ये या कामावर पुस्तक काढवलं, लेखक दुसराच! मायब्रिज कोर्टात गेला, हरला. १८८७ मध्ये मात्र ७८१ प्लेट्स त्याने स्वतःच्या नावावर काढल्या.