आबे फारिया

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी एक आगळा पुतळा आहे. लांब झगा घातलेला एक धर्मगुरू हात पसरून उभा आहे व त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन ढळत आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. गोवा हा आमच्या दिग्गीच्या शेजारचाच मुलूख. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांस वाटावे की, त्या हातांतच काही जादू असेल. परंतु ज्यांचा हा पुतळा, त्या आबे फारिया यांनी हीच समजूत खोडून काढण्यासाठी सारी प्रतिष्ठा पणास लावली.

जुझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली झाला. आईवडील विभक्त झाले. आई मठात गेली, वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. १७७१ साली वडील त्यांस घेऊन लिस्बनला गेले. पुढे रोम येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. राजदरबारी प्रवचनास उभे राहिले असता ते भयाने गोठून गेले. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत दोन धीराचे शब्द उच्चारले आणि त्यांची वाणी मोकळी झाली, अशी आख्यायिका आहे. गोव्यातील पिंटोंचा उठाव १७८७ साली उघडकीस आला. त्यात फारिया पितापुत्रांवरही संशय आला व पुढच्या वर्षी पुत्राने पॅरिस गाठले.

१८११ साली ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते सप्रयोग जाहीर व्याख्याने देऊ लागले. त्या काळी मेस्मर नामक वैद्याच्या मताचा मोठा बोलबाला होता. चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह वैद्याच्या देहातून रोग्याच्या देहात शिरतो, असे ते मत. फारियांनी ते अमान्य केले. ते समोरच्या व्यक्तीस खुर्चीवर बसवीत, डोळे मिटून निद्रेचे चिंतन करावयास सांगत आणि मग निजण्याची आज्ञा देत. काहींस झोप लागे, काहींस लागत नसे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, तो असा की, प्रयोग करणाऱ्यापाशी कोणतीही शक्ती नाही. जे घडते ते निजणाऱ्याच्याच मनात घडते.

चमत्कारी पुरुष म्हणून मिरविणे त्यांस सोपे होते. पण त्यांनी ते नाकारले, आणि त्याची किंमतही मोजली. १८१६ साली त्यांची टवाळी करणारे प्रहसन रंगभूमीवर आले. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांस भर सभेत फजीत केले, असेही सांगतात. श्रोते पांगले. तरीही खचून न जाता त्यांनी आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. तो ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

पुढे त्याच शतकात फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या वैद्यांनी सूचनेच्या सामर्थ्यावर आपली चिकित्सा उभारली. पोर्तुगालचे मज्जातंतुतज्ज्ञ एगास मोनिश यांनी १९२५ साली फारियांवर ग्रंथ लिहिला. संमोहनाने वेदना कशी कमी होते, हे आज मेंदूच्या प्रतिमा घेऊन तपासले जाते.

विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एक गोष्ट ध्यानी धरावी, असे आम्हांस वाटते. अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती शक्ती माझी नव्हे, तुमच्याच मनाची आहे, असे सांगणारा विरळा. आणि खरा गुरू तोच.