जखमेला आधी छप्पर, मग शब्द

अंबरनाथ-बदलापूरवरून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे दौंडच्या अलीकडे केडगावला पोहोचतो. तिथे पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन आहे. बालपणीच्या मानसिक आघातांचा विचार करताना त्यांचे आयुष्य आठवते.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह सारे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे, पुराणे सांगे. 1870च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत त्या पायपीट करत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे विद्वत्तेचा गौरव झाला. पण 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. पदरात लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुढे मोठे वादळ उठले.

1896च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः भोगलेली उपासमार तिथल्या मुलींच्या डोळ्यांत त्यांना दिसली. शेकडो मुलींना त्यांनी सोबत आणले. 1900च्या दुष्काळानंतर केडगावातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

तेव्हा मानसोपचार आपल्याकडे पोहोचलेच नव्हते. तरी केडगावची दिनचर्या पाहण्यासारखी आहे : पोटभर अन्न, सुरक्षित निवारा, ठरलेल्या वेळा, शिक्षण, विणकाम, शेती, छपाईचे काम आणि सामूहिक प्रार्थना. आघातग्रस्त मुलाचा मेंदू सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतो. झोप उडते, दचकणे वाढते, माणसांवरचा विश्वास उडतो. सुरक्षितता, नियमितता आणि मायेची माणसे हा आजच्या उपचारांचाही पाया आहे. उपचारतज्ज्ञ त्यानंतरच जुन्या आठवणींना हळूहळू हात घालतो.

श्रद्धेचे स्थानही इथेच समजते. प्रार्थनेने मन शांत होऊ शकते, मंडळीमुळे एकटेपणा कमी होतो, दुःखाला अर्थ मिळू शकतो. म्हणून श्रद्धावान रुग्णाने ती उपचारतज्ज्ञापासून लपवू नये. मात्र प्रार्थना उपचारांची जागा घेत नाही. अत्याचार सोसलेल्याला लगेच क्षमा करण्याचा आग्रह धरल्यास जखम आणखी चिघळू शकते. श्रद्धा कमी पडली, असे सुनावणे तर अन्यायच.

मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात घालवली. बालपणीचे दुःख त्यांनी पुसले नाही. त्यातूनच इतर मुलींचे दुःख ओळखले.

बालपणीची भीती आजही छळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.