रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून रंगमंचावर : बेस गिटारचे शिल्पकार लिओ फेंडर

आधुनिक वाद्यवृंदात श्रोत्याच्या कानाआधी छातीला जाणवणारा खर्जातील स्वर बहुतेक वेळा बेस गिटारचा असतो. चार जाड तारांचे हे वाद्य जगभरच्या रंगमंचांवर आणि ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचवण्याचे श्रेय अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या फुलर्टन शहरातील लिओ फेंडर यांच्याकडे जाते. विशेष म्हणजे फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर होते आणि त्यांच्या वाद्यांचा सारा स्वभाव याच व्यवसायातून घडला.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी झाला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठीच्या आजारामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी काचेचा डोळा बसवून काढले. वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या एका नातेवाइकाच्या दुकानात, सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ त्यांनी शाळकरी वयात पाहिला. त्यानंतर रेडिओ हाच त्यांचा ध्यास झाला. लहानपणी ते पियानो आणि पुढे काही काळ सॅक्सोफोन शिकले. मात्र महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले ते हिशेबनिसाचे. विद्युतशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही.

महामंदीच्या काळात हिशेबनिसाच्या नोकऱ्या टिकत नव्हत्या. एका टायर कंपनीतील नोकरी सुटल्यानंतर १९३८ मध्ये ते पत्नी एस्थर यांच्यासह फुलर्टनला परतले आणि सहाशे डॉलर उसने घेऊन त्यांनी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले. तेथे रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीला येत, तसे परिसरातील वादकही आपले ध्वनिवर्धक आणि गिटारला जोडलेले पिकअप घेऊन येऊ लागले. कुठला जोड वारंवार सुटतो, कोणता भाग तापून जळतो, प्रवासात काय मोडते, हे फेंडर यांना याच कामातून कळत गेले. बाजारातील उपकरणे ठरावीक ठिकाणीच बिघडतात, याचा अर्थ त्यांची रचनाच सदोष आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

डोळ्याच्या अधूपणामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले नाही. या काळात वादक आणि संशोधक डॉक कॉफमन यांच्याशी त्यांची भागीदारी जुळली. एका नव्या पिकअपची चाचणी घेण्यासाठी १९४३ च्या सुमारास त्यांनी लाकडाच्या भरीव फळीची एक ओबडधोबड गिटार बनवली. ती परिसरातील वादकांना भाड्याने दिली जाऊ लागली आणि तिच्यासाठी वादक वाट पाहू लागले. १९४५ मध्ये दोघांनी मांडीवर ठेवून वाजवण्याच्या, भारतात हवाईयन गिटार म्हणून परिचित असलेल्या वाद्यांचे उत्पादन सुरू केले. कर्जाच्या धास्तीने कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडले आणि फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी पुढे नेली.

भरीव लाकडाच्या गिटारचे तत्त्व साधे होते. पोकळ गिटारमध्ये लाकडी पेटी स्वराला घुमारा देते. पण आवाज यंत्राने मोठा केला की हीच पेटी ध्वनिवर्धकाच्या आवाजाने थरथरू लागते आणि कर्कश शीळ निर्माण होते. भरीव फळीत हा दोष बराच कमी होतो. पोलादी तारेचे कंपन लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण करते आणि तोच पुढे ध्वनिवर्धकात वाढवला जातो. या तत्त्वावर १९५० मध्ये आलेली फेंडर यांची गिटार पुढील वर्षी टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली.

त्यानंतर त्यांचे लक्ष वाद्यवृंदातील सर्वात गैरसोयीच्या वाद्याकडे वळले. त्या काळी खर्जाची बाजू माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या, उभ्या डबल बेसवर असे. हे वाद्य मोटारीत मावत नसे आणि ढोल व तुताऱ्यांच्या गजरात ऐकूही येत नसे. त्याला पडदे नसल्याने स्वरस्थान केवळ कानाने शोधावे लागे. त्यामुळे गिटारवादकाला ते एकाएकी हाती धरता येत नसे. सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवी धरून वाजवायची पडद्यांची विद्युत बेस बनवली होती, परंतु तिचा प्रसार झाला नाही.

फेंडर यांची बेस गिटार १९५१ मध्ये बाजारात आली. तारांची लांबी घोडीपासून वरच्या टोकापर्यंत ३४ इंच ठेवण्यात आली. गिटारची लांबी साडेपंचवीस इंच, तर डबल बेसची त्याहून पुष्कळ अधिक असते. तारांची जुळणी डबल बेसप्रमाणेच होती आणि मानेवर धातूचे वीस पडदे होते. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवण्यात आले. या खर्जाचा भार पेलण्यासाठी लगेच १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा स्वतंत्र ध्वनिवर्धकही आला. हा ध्वनिवर्धक पुढे गिटारवादकांनीही आपलासा केला आणि लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आपला पहिला ध्वनिवर्धक त्याच्याच मंडलरचनेवर बेतला.

प्रिसिजन बेसचे खरे वैशिष्ट्य तिच्या जोडणीत होते. परंपरागत वाद्यनिर्मितीत मान आणि पेटी सरसाने सांधली जात असे. मान वाकली तर कुशल कारागिराकडे अनेक दिवसांचे काम निघे. फेंडर यांनी मान चार स्क्रूंनी फळीला जोडली. ती वाकली, तडकली किंवा तिचे पडदे झिजले, तर स्क्रू ड्रायव्हरने काढून दुसरी बसवता येत असे. आवाज आणि स्वराचा पोत बदलणाऱ्या बटणांच्या तारा एका झाकणाखाली असत. सुटलेला जोड डाख देऊन पूर्ववत करता येई. घोडीवरील आधार पुढेमागे किंवा वरखाली करून स्वरशुद्धी साधता येई. पहिल्या रचनेत दोन तारांना मिळून एक आधार होता. १९५७ मध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळाला आणि पिकअपही दोन भागांत विभागल्याने विजेची गुणगुण कमी झाली.

स्वतःला वाजवता येत नसल्याने फेंडर वादकांच्या अभिप्रायावर सर्वस्वी विसंबून असत. नवे नमुने ते नृत्यगृहांत रोज वाजवणाऱ्या वादकांच्या हाती देत, तक्रारी ऐकत आणि पुन्हा कामाच्या मेजाशी बसत. फळीच्या कडा बरगड्यांत रुततात, हीही अशीच एक तक्रार होती. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटारला शरीराला बिलगणारा गोलसर आकार मिळाला आणि बेस गिटारच्या कडाही त्याच सुमारास उतरत्या झाल्या. १९६० मध्ये अरुंद मानेची आणि दोन पिकअपची ‘जॅझ बेस’ आली.

वादकांनी या वाद्याला निर्मात्याच्या कल्पनेपलीकडे नेले. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील मंक मॉन्टगोमेरी यांनी १९५० च्या दशकात ते जॅझच्या मंचावर रुजवले. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत जेम्स जेमर्सन यांनी मुख्यतः एकाच बोटाने प्रिसिजन बेस वाजवत लोकप्रिय संगीतातील खर्जाला स्वतंत्र स्वररेषेचे स्थान दिले. जाको पास्टोरियस यांनी तर जॅझ बेसचे पडदेच काढून टाकले, खाचा भरून मानेवर नौकांसाठी वापरला जाणारा कठीण लेप चढवला आणि डबल बेससारखी मींड या वाद्यात परत आणली. फेंडर यांनी अचूकतेसाठी बसवलेले पडदे वादकाला काढता आले, हेही त्या खुल्या रचनेचेच फळ होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही बेस गिटारने महत्त्वाचे स्थान मिळवले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन जाणकारांच्या स्मरणात आहे.

यशाच्या शिखरावर असताना फेंडर यांच्यासमोर आयुष्यातील सर्वात कठीण निर्णय उभा राहिला. जंतुसंसर्गाच्या दीर्घ दुखण्याने त्यांना जेरीस आणले होते आणि आपण फार दिवस जगणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या प्रसारण उद्योगसमूहाला विकली. त्यानंतर डॉक्टर आणि उपचार बदलले आणि ते बरे झाले. मात्र कंपनीबरोबर तिचे नावही गेले होते, शिवाय स्पर्धक म्हणून दहा वर्षे बाजारात न उतरण्याच्या अटीने ते बांधले गेले होते.

पुढील काळात सीबीएसच्या वाद्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले आणि १९६५ पूर्वीच्या वाद्यांना जुन्या बाजारात मोठी मागणी आली. मानेच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि आवाजाच्या बटणाखालील भागावर छापलेला सांकेतिक क्रमांक यांवरून वाद्याचे वय ओळखण्याची पद्धत रूढ झाली. मात्र एकाची मान दुसऱ्याच्या फळीवर सहज बसत असल्याने जुने वाद्य उघडून पाहिल्याखेरीज त्याच्या अस्सलपणाची खात्री देता येत नाही. दुरुस्तीसाठी वरदान ठरलेली रचना खरेदीदाराला सावध राहायला लावणारी ठरली.

कराराची मुदत संपल्यावर १९७५ मध्ये फेंडर म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. तिच्या १९७६ च्या ‘स्टिंगरे’ बेसमध्ये बॅटरीवर चालणारे पूर्ववर्धक मंडल होते. त्यामुळे वादकाला खालचे आणि वरचे स्वर वाद्यावरच कमी-अधिक करता येऊ लागले. १९७९ मध्ये एस्थर यांचे निधन झाले. त्याच सुमारास म्युझिक मॅनशी मतभेद झाले आणि जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी उभारली. हा कारखाना फुलर्टनमधील फेंडर ॲव्हेन्यू या रस्त्यावर होता. रस्त्याला त्यांचे नाव होते. वाद्यांचे नवे घराणे मात्र त्यांना त्या नावाविना उभारावे लागले.

सत्तरी ओलांडल्यावरही ते रोज कारखान्यात जाऊन पिकअप आणि घोडीच्या नव्या रचनांवर काम करीत. पार्किन्सन्स या विकाराने हात थरथरू लागले, तरी हा क्रम अखेरच्या दिवसांपर्यंत सुटला नाही. दरम्यान, १९८५ मध्ये सीबीएसने मूळ फेंडर कंपनी तिच्याच व्यवस्थापनातील मंडळींना विकली आणि त्या नावाला पुन्हा उभारी मिळू लागली.

लिओ फेंडर यांचे २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे वयाच्या ८१ व्या वर्षी निधन झाले. पुढील वर्षी अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. बेस गिटार बनवणारे असंख्य कारखाने आज जगभर आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी ३४ इंचांची तार, चार तारांची जुळणी आणि स्क्रूंनी जोडलेली मान हीच मोजमापे प्रमाण मानली आहेत. एखाद्या छोट्या शहरातील वादक स्क्रू ड्रायव्हर आणि डाख देण्याचे हत्यार घेऊन संध्याकाळच्या कार्यक्रमापूर्वी आपली बेस गिटार स्वतःच दुरुस्त करू शकतो, ही सोय फुलर्टनच्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या या कारागिराची देणगी आहे.